यंत्रांची सुट्टी

आमच्या कंपनीत टाकी विकत घ्यायला आलेल्या माणसाला आधी टाकी धुवायला लागायची. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, हे काकांचं होतं. माणूस लांबून गाडी करून तुर्भ्याला आलाय, फळांची वाइन काढायचं डोक्यात घेतलंय, मोबाइलमध्ये परदेशातल्या वायनऱ्यांचे चाळीस फोटो आहेत, आणि काका त्याच्या हातात बादली आणि नायलॉनचा ब्रश देऊन म्हणायचे, "शिरा आत."

"आत म्हणजे?"

"टाकीत. धुऊन या, मग बोलू."

निम्मे लोक तिथूनच परत जायचे. शेठ केबिनच्या काचेतून बघून कपाळावर हात मारायचे आणि मी तयार केलेलं कोटेशन परत फायलीत घालायचे. सहा वर्षं मी हे बघितलं. खरं सांगते, मला वैताग यायचा. करंजाड्याहून दोन बस बदलून मरत मरत ऑफिसला पोचायचं, आणि समोर हा माणूस आलेलं गिऱ्हाईक पळवून लावतोय. आज त्यांच्यावर लिहायला बसलेय तरी तो वैताग पुरता गेलेला नाही. त्यात दुसरंही काही मिसळलंय, ते सांगतेच.

आमची कंपनी स्टीलच्या टाक्या बनवते. दुधाच्या, सरबताच्या, आणि अलीकडे छोट्या वायनऱ्यांच्या. काका आमचे तांत्रिक सल्लागार. सांगलीकडच्या डेअऱ्यांत तीस वर्षं काढून, मुलगा ऐरोलीत राहायला आला म्हणून इकडे आले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे लागले. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी जुना टूथब्रश. वर्कशॉपातली पोरं त्यांना पाठीमागे 'धुणेकर' म्हणायची. काकांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "नाव वाईट नाही गं. माझ्या खऱ्या आडनावापेक्षा बरंय."

कुठलंही यंत्र समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे धुणार कोण?" किती लिटरचं, किती वेगाचं, कुठल्या देशातलं, ते सगळं नंतर. पंप आला की तो अख्खा उघडायला लावायचे. व्हॉल्व्ह आला की त्यात टूथब्रश घालून बघायचे. ब्रश जिथं पोचत नाही तिथं घाण पोचते, असं त्यांचं म्हणणं. "दूध माफ करत नाही," म्हणायचे, "आणि वाइन तर मनात ठेवते. आज केलेली चूक ती सहा महिन्यांनी सांगते."

स्वतः एक थेंब पीत नव्हते. नमुना तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे, गालातल्या गालात फिरवायचे आणि बेसिनमध्ये थुंकून खळखळून चूळ भरायचे. मग जे सांगायचे ते बरोबर निघायचं. हा माणूस प्यायला असता तर काय झालं असतं, असं पोरं म्हणायची.

दुसऱ्या खिशात लोहचुंबक. हलक्या प्रतीच्या स्टीलला ते जरा तरी चिकटतं, चांगल्याला नाही, एवढं मलाही त्यांच्यामुळे कळलं. आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटची वास्तुशांत होती तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर काका सरळ किचनमध्ये गेले आणि सिंकला चुंबक लावलं. "बिल्डरनं फसवलं तुला. हे गंजणार." माझ्या सासूबाईंचा चेहरा असा झाला की विचारू नका. बाहेर भटजी स्वाहा करताहेत आणि हे आत माझ्या सिंकची कुंडली मांडताहेत! मी म्हटलं, "काका, जेवून घ्या." तर जेवायच्या ताटालाही चुंबक लावून बघितलं. सिंक दोन वर्षांत गंजलं. ते सांगायला मी त्यांच्याकडे गेले नाही.

कर्जतकडचा एक फार्महाऊसवाला आला होता. त्याला लाकडी पिंपंच हवी होती. काकांनी विचारलं, "चवीसाठी का फोटोसाठी?" तो हसत म्हणाला, "दोन्हीसाठी." काका म्हणाले, "मग फोटोसाठी रिकामी घ्या आणि वाइनसाठी माझ्याकडून दोन छोट्या टाक्या घ्या. एक मोठी घेऊ नका. अर्धी भरलेली टाकी म्हणजे आत अर्धी हवा, आणि हवा म्हणजे शिरका, व्हिनेगर." त्याला हजार लिटरची टाकी विकायला शेठनी दोन आठवडे घालवले होते. त्या दिवशी शेठ जेवले नाहीत.

मशीन कमीत कमी घ्या, हेच सगळ्यांना. जांभळाला द्राक्षाचं देठ काढायचं यंत्र लागत नाही, ते घेऊ नका. जमीन उताराची असेल तर टाक्या वर-खाली मांडा, पंपाची गरज नाही, पृथ्वी फुकट ओढते. आणि बटणं कमी ठेवा. "जितकी बटणं जास्त, तितक्या चुका जास्त," हे त्यांचं आवडतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

उरणजवळच्या गावातली एक ताई आली होती. चाळिशीची, नवरा बंदरावर ड्रायव्हर, जमीन गेली त्याच्या मोबदल्यातून घरच्यांनी जांभळाच्या वाइनचा छोटा कारखाना काढायचं ठरवलेलं. ठरवलेलं म्हणजे हिनं सगळ्यांच्या मागं लागून ठरवायला लावलेलं. धाकटा दीर पहिल्यापासून विरोधात. त्याला त्या पैशात ट्रेलर घ्यायचा होता. काकांनी नेहमीसारखी बादली पुढं केली. बाईनं पदर खोचला, चपला काढल्या आणि खालच्या दारातून टाकीत शिरली. अर्ध्या तासानं केस चिकटलेले, घामानं निथळत बाहेर आली.

"सर, दाराच्या खालचा कोपरा हाय ना, तिथं माझा हात पोचत नाय. तिथं पानी पन साचून राहतंय."

काका तिच्याकडं बघतच राहिले. मग वेल्डरला हाक मारली आणि म्हणाले, "दार चार बोटं खाली घ्या. ताई सांगतायत तसं." सहा वर्षांत काकांनी गिऱ्हाइकाचं ऐकून टाकी बदललेली मी पहिल्यांदा बघितली. त्यानंतर ती त्यांची शिष्यच झाली. काका म्हणतील ते तिनं वहीत उतरवून घ्यायचं, आणि दिवाळीला त्यांच्यासाठी फराळाचा डबा पाठवायचा. मला कधी एक चकलीही आली नाही, पण ते असो.

तिची टाकी बनत असताना ती दर आठ-पंधरा दिवसांनी बघायला यायची. अशीच एकदा खंडेनवमीला आली. आमच्या वर्कशॉपात खंडेनवमी म्हणजे काकांचा सण. सकाळी सगळी मशीनं धुऊन पुसून हळदकुंकू, झेंडूच्या माळा. मग काका अनवाणी मेन स्विचपाशी जायचे, त्याला नमस्कार करायचे आणि खाली ओढायचे. खाट्! सगळं बंद. दिवे, पंखे, ग्राइंडर, कॉम्प्रेसर. "वर्षभर राबतात लेकाची," म्हणायचे, "एक दिवस यांची सुट्टी." दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं वाहून तेच स्विच वर करायचे. ताई हात जोडून उभी होती. तिला ते फार आवडलं. जाताना मला म्हणाली, "आमच्याकडं पन असाच करायचा, मॅडम."

पुढं तिचं लायसन रखडलं. जांभळाचा गर तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पडून राहिला. लायसन आलं ते पुढच्या वर्षीचा पावसाळा संपता संपता. काका स्वतः उरणला जाऊन सगळं बसवून आले. दोन टाक्या, गर काढायचं यंत्र, एक पंप आणि टाक्या थंड ठेवणारा चिलर. आणि हे सगळं एकाच पॅनलवर, एकाच मेन स्विचवर. आमच्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं होतं, चिलरची लाइन वेगळी ठेवू. काका म्हणाले, "नको. एकच स्विच. बाई एकटी सांभाळणारे, गोंधळ नको व्हायला."

गर टाकीत पडला, यीस्ट टाकलं, आणि टाकी मस्त उसळायला लागली. काका रोज संध्याकाळी फोनवर तापमान विचारायचे. पाच दिवस सगळं छान. सहाव्या दिवशी खंडेनवमी आली. काकांनी आमच्या वर्कशॉपात स्विच खाली ओढलं, आणि तिकडं उरणला ताईनं आंघोळ करून, टाक्यांना माळा घालून, अनवाणी जाऊन, नमस्कार करून तिचं मेन स्विच खाली ओढलं. त्या दोन दिवसांत काकांनीही फोन केला नाही. सुट्टीला सुट्टी.

आंबणारा गर स्वतःच तापतो. पत्र्याची शेड, ऑक्टोबरचं ऊन, आणि चिलर दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत बंद. यीस्ट उकडून मेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. काकांनी विचारलं, तापमानाचा काटा कुठं होता? ती म्हणाली, स्विच लावला तवा अडतीसवर. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चिलर कशाला हो बंद केलात, ताई?"

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं, कारण ती रडत ओरडत होती. "तुमीच केलं ना सर! तुमचा बघूनच केलं मी!"

काकांनी खिशातला टूथब्रश काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बरोबर आहे. चूक तुमची नाही. स्विच मी बसवला, बंद करायलाही मीच शिकवलं. मी येतो."

गेले ते नऊ दिवस तिकडंच राहिले. शेडमध्ये बाजेवर झोपायचे. नवं यीस्ट बादलीत कोमट साखरपाण्यात जागं करायचं, त्यात टाकीतली वाइन वाटी वाटीनं घालायची, दर चार तासांनी, आजाऱ्याला पेज भरवतात तसं. दोनदा बुडबुडे आले आणि दोनदा थांबले. तोवर वास फिरला होता. दहाव्या दिवशी शेठनी मला तापमानाच्या नोंदी आणायला उरणला पाठवलं, तेव्हा काका टाकीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. मी म्हटलं, "काका, चला घरी." ते म्हणाले, "आंबट झाली गं." एवढंच. त्या दिवशी मला त्यांचं वय दिसलं.

ताई मला बाजूला घेऊन गेली. "मॅडम, कंपनीचा कागद लवकर द्या. घरात सगले मलाच धरतान. सर बोललेत, चूक आमची हाय असा कंपनी लिहून देल." मागं तिचा दीर उभा होता. तो सरळच म्हणाला, "कागद येऊ दे. कंपनीची चूक असंल तर वहिनीनी परत टाकी भरावी, माजी काय ना नाय. वहिनीचा घोळ असंल तर टाक्या विकायच्या. मोठ्या माणसांसमोर ठरलंय." म्हणजे तिचा सगळा कारखाना आता आमच्या एका कागदावर आला होता.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, इमोशनल नाय व्हायचं. वायरिंग आपलं चुकलं असं लिहून दिलं तर उद्या अख्खा प्लांट आपल्या अंगावर टाकतील. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. दोन ओळी. बास."

"काका सही नाही करणार."

"त्यांची कशाला? सर्व्हिस रिपोर्टवर तुमची चालते ना?"

त्या वर्षी माझ्या नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सांगतेय, कारण असंच होतं. मी रिपोर्ट लिहिला. 'ऑपरेटरने आंबवण्याच्या काळात शीतकरण यंत्रणा बंद ठेवली. निष्काळजीपणामुळे नुकसान.' लिहून काकांच्या टेबलावर ठेवला. चोरून पाठवायची हिंमत नव्हती म्हणा, किंवा ते थांबवतील असं वाटलं असेल.

काकांनी चष्मा लावून सगळा वाचला. मग माझं पेन मागितलं आणि एक आकडा खोडला. "छत्तीस नव्हे, अडतीस. खोटं लिहायचं असेल तर लिही. तापमान तरी खरं लिही."

त्यानंतर खाली रिकाम्या जागेत स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. 'चिलर व इतर यंत्रे एकाच स्विचवर मी बसवली. खंडेनवमीला स्विच बंद करण्याची रीत त्यांनी माझ्याकडूनच घेतली. दोष माझा.' सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पाठवणारी तू आहेस. मला कॉम्प्युटर येत नाही."

मी तो कागद घेऊन माझ्या जागेवर बसले. मग आकडा दुरुस्त केला, नवीन प्रिंट काढली, त्यावर माझी सही केली आणि ती पाठवली. त्यांच्या दोन ओळी असलेला कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पाठवलंस?"

"हो."

"कुठला?"

माझा हात ड्रॉवरवर गेला. ते म्हणाले, "बरं." आणि पंप उघडायला बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. चार शब्द बोलले असते तर मीही चार शब्द बोलले असते, घरचं सांगितलं असतं, रडले असते. त्यांनी ती सोयच ठेवली नाही.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. ऑफिसचा फोन माझ्या टेबलावर असतो. नंबर बघून माझा हात पुढं होईना. वाजून वाजून थांबला, परत वाजला. काका उठून आले आणि त्यांनी उचलला.

"बोला ताई... हो, बघितला मी." बराच वेळ ऐकत राहिले. "सही मॅडमची असते, ती पद्धत आहे. त्यांना यातलं काय कळतं? मी सांगितलं तसं त्यांनी टाइप केलं. मीच लिहिला तो." पुन्हा ऐकलं. "हो, म्हणालो होतो खरं. नाही लिहू शकलो. म्हातारपणी नोकरी लागते हो ताई." पलीकडून काहीतरी बोललं गेलं, मग फोन बंद झाल्याचा आवाज आला. काकांनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. मी म्हटलं, "काका, कशाला?"

"तुझ्या घरी मुलं आहेत," ते म्हणाले. "आणि तिला कुणावर तरी चिडायला पाहिजेच. घरातल्यांवर चिडली तर राहील कुठं?"

त्या दिवाळीला फराळाचा डबा आला नाही. संक्रांतीच्या आधी काकांनी नोकरी सोडली. शेठना म्हणाले, गुडघे दुखतात. त्यांच्यानंतर गिऱ्हाईक टाकीत शिरत नाही. कोटेशन घेतं, सही करतं, जातं. माझं काम हलकं झालंय. काका मुलाबरोबर ऐरोलीहून पुण्याला गेले एवढं कळलं. मी फोन केला नाही. काय बोलणार होते?

गेल्या हिवाळ्यात करंजाड्याच्या आठवडी बाजारात भाजी घेत होते, तर एका गोणपाटावर वालाच्या शेंगा आणि सुकट मांडून ताई बसलेली. तिनंच ओळखलं. "मॅडम! तुमी इथं राहता?" मी तिच्यासमोर बसले. टाक्यांचं विचारायची गरज नव्हती, तरी तिनंच सांगितलं. टाक्या भंगारात गेल्या. दिरानं ट्रेलर घेतला. शेडमध्ये आता तो ट्रेलर उभा असतो.

मग म्हणाली, "तो म्हातारा जिता हाय का?"

"आहे. पुण्याला असतात."

"देवमानूस समजत होते मी त्याला. तोंडावर बोलला चूक माझी, आनि कागदावर मला मारली. आपली नोकरी वाचवली. असला खोटा मानूस मी नाय बघितला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. ताई, तो कागद मी लिहिला. एवढंच वाक्य. शेजारी एक बाई मेथी निवडत होती, माझी धाकटी माझा हात ओढत होती, आणि मी वालाच्या शेंगा चिवडत राहिले.

"तुमचा काय दोस नाय मॅडम," ताई म्हणाली. "त्यानी सांगितला तसा तुमी टाइप केलात, त्यानीच सांगितलंय मला." आणि कागदात मूठभर सुकट बांधून तिनं माझ्या पिशवीत टाकली. पैसे काढले तर माझा हात धरला. "तुमच्याकडनं कसलं पैसे? तुमी भल्या बाई."

मी पैसे परत पर्समध्ये ठेवले आणि सुकट घेऊन घरी आले.